सकाळी सातला बासष्ट अंश

(सोलापूरबाहेरच्या माळावर कॉलेजचा हायड्रोजनचा छोटा प्लांट. सकाळचे साडेसात. इंजिनिअर ऋतुजा आणि ऑपरेटर मल्लप्पा, आरशांनी ऊन एकवटून तापवलेल्या पाण्याच्या टाकीपाशी.)

ऋतुजा – परत सांगा. दिवस मावळला साडेसहाला. आज सकाळी सातला टाकीतलं पाणी बासष्ट अंश. कसं?

मल्लप्पा – काल ऊन लई हुतं, बाई.

ऋतुजा – ऊन सोमेशच्या पाळीलाही असतं, मामा. पण त्याची पाळी असली की सकाळी पाणी एक्केचाळीसवर आलेलं असतं, तुमची असली की साठच्या पुढं. पंधरा दिवसांची वही काढलीय मी.

मल्लप्पा – मी आरसे पुसतो. त्यो न्हाय पुसत.

ऋतुजा – आरसे दिवसा तापवतात. संध्याकाळी दोघांचेही आकडे सारखेच आहेत. फरक पडतो तो रात्रीत.

मल्लप्पा – मग मला काय इचारताय? मशीनला इचारा.

ऋतुजा – विचारलं. पाणी गरम मिळालं की ते फोडून हायड्रोजन काढायला वीज कमी लागते, तुमच्या पाळीनंतर तर फारच कमी. तो आकडा आज माझ्या सहीनं पुण्याला, प्लांटला पैसे देणाऱ्या ऑफिसात जायचाय. पाणी उन्हानं तापलं असेल तर ठीक. कुणी चोरून विजेवर तापवलं असेल, तर माझी तीन वर्षं मातीत आणि वर मी खोटारडी.

मल्लप्पा – म्हंजी मी तापवलं म्हणता?

ऋतुजा – तुमच्या खोलीत पाणी तापवायचा रॉड आहे.

मल्लप्पा – आंघोळीचा हाय त्यो, बादलीतला. येवढ्या टाकीला त्यानं काय हुतंय? तुमी तर शिकलेल्या हायसा.

ऋतुजा – आणि तुम्ही कापड रंगवायच्या डायिंगमध्ये तीस वर्षं बॉयलरवर होता. एका रॉडवर भागत नाही हे तुम्हालाही कळतं. रोज उजाडताना टाकीवर चढून तुम्ही काहीतरी उतरवता. गाठोडं बगलेत मारून खोलीत जाता. शरणबसवनं गेटवरून बघितलंय.

मल्लप्पा – वॉचमन आता माझ्यावर नजर ठिवतो व्हय?

ऋतुजा – मीच सांगितलं होतं त्याला. खोलीची किल्ली द्या.

मल्लप्पा – कशाला किल्ली? दार उघडंच हाय. पेटीच्या मागं बगा.

ऋतुजा – (खोलीत पेटीमागं वाकून) या तर चादरी आहेत.

मल्लप्पा – नऊ हायत. डागी माल. डायिंग बंद पडली तवा मालकानं वाटला हुता.

ऋतुजा – टाकीवर घालता?

मल्लप्पा – टाकीला बाजूनं कंपनीनं जाड अस्तर लावलंय, पर वरचं झाकण निस्ता पत्रा. पैल्याच रातीला वर हात धरला, तर सगळी ऊब तितनं चाललेली. डायिंगला दुसऱ्या पाळीला रंगाचं पाणी गरम लागायचं की, तवा आमी असंच गुंडाळून ठिवायचो.

ऋतुजा – मग लपवायचं कशाला?

मल्लप्पा – तुमच्या आदीचे साहेब खवळले हुते. पावणे फोटू काढत्यात, हितं चिंध्या दिसता कामा न्हाय म्हणले. म्हणून सांजच्याला घालतो, उजाडलं की काढतो.

ऋतुजा – मला तरी सांगायचं.

मल्लप्पा – तुमी इचारलं कुटं? तुमी वही बगितली, शरणबसवला उबं केलं.

ऋतुजा – मामा, काल दुपारी मी पुण्याला मेल पाठवलाय. आकड्यांत गडबड वाटतेय, ऑपरेटर बदला, असा. तुमचं नाव घालून.

मल्लप्पा – उत्तर आलं?

ऋतुजा – आलं. सोमवारपासून दुसरा माणूस. मी आत्ता लगेच लिहिते, चूक माझी होती म्हणून. मला फार लाज वाटतेय.

मल्लप्पा – लिवा की. आन न्हाईच ऐकलं त्यांनी, तर त्या नव्या माणसाला येवढं दावा. झाकणावर चार घड्या टाकायच्या, मग वरनं सुतळी आवळायची. माळावर वारं लई हाय.