दारावरची पाटी

कोर्टाच्या लिफ्टसमोर रांग होती. माझ्या पुढे बहीणभाऊ उभे होते. तिचे केस पिकलेले, त्याच्या नखांत रंग अडकलेला.

"ताई, नोटीस रद्द झाली! घर तुझंच. आता तरी हस."

"जन्मभर नर्सची नोकरी करून घेतलेलं घर माझंच आहे, हे सांगायला कोर्ट लागलं. कोणामुळे?"

"झालं सुरू."

"दारावर स्वतःच्या नावाची पाटी कोणी लावली?"

"गिऱ्हाइकांना पेंटर सापडायला नको?"

"सापडला ना! इन्कम टॅक्सच्या साहेबांनी पाटीचा फोटो काढला आणि ठरवलं, खरा मालक हा, बहीण नुसती नावाला. म्हणे बेनामी!"

"अक्षरंच तशी झोकदार होती, ताई. रस्त्यावरून वाचता यायची."

"कौतुक पुरे. घरी गेल्यावर आधी पाटी बदल. वर माझं नाव घाल, चांगलं ठळक."

"रंग कालवूनच आलोय. आणि खाली?"

"खाली तुझं."

"छे! मी शपथेवर लिहून दिलंय, या घरात माझं काहीही नाही. पुन्हा नोटीस यायला हवीय का?"

"वकील ते वाचून दाखवत होते, तेव्हा मी मागच्याच बाकावर होते."

"मग? खरंच आहे ते."

"त्या घरात मी राहते ना रे? मग मी कोणाची?"

लिफ्ट आली. दोघंही जागचे हलले नाहीत.

"बरं बाई. खाली काय लिहू? पेंटर?"

"भाऊ लिही. पेंटर आहेस ते अक्षरांवरून कळेल लोकांना."