आता कागद काढ म्हनते

नाई जी साहेब, तो धुरा नव्हे, ते बेशरमाचं झुडूप हाये — धुरा, वावराचा बांध, त्याच्या खाली, मांडीभर रेतीत. टेप इथून धरा, थेट त्या बाभळीपर्यंत. अडीच एकर. मोजा, मोजा — तीन सालं झाली पुराले, आता घाई कायची? काय म्हटलं? अर्जदार? धोंडबा मेश्राम — माहाच मानूस. नाई, तो इथं नसते. मी त्याची बायको, कौसल्या. जे विचाराचं ते मले विचारा.

त्या साली नदी उतरली तवा इथं वावर नव्हतंच, नुसती रेती. अन् पंधरा दिसांत कोतवालानं कागद आनला — पुरात बुडालेल्या वावरातली रेती उपसाले, धुरे बांधाले सरकार तातडीनं मदत देनार म्हने. वाचाले कोन? मीच. दीक्षेच्या साली बापानं मले शाळेत घातलं, सातवी झाली माही — साऱ्या गावात बाई म्हून मीच वाचे. त्यात लिवलं होतं, आताही तोंडपाठ हाये मले — 'पाहणी होऊन मंजुरी मिळेपर्यंत शेतात कोणतेही काम करू नये, अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.' साऱ्याइले वाचून दाखवलं. पलीकडचा नत्थू — ते हिरवं दिसून राहिलं ना, मिरची, ते त्याचंच — तो म्हने, वहिनी, साहेब येईन तवा येईन, मी तं लागतो कामाले. नवराबायकोनं हिवाळाभर टोपल्यानं रेती वायली. हासली मी त्याइले. हो, हासली — खोटं काहून बोलू?

अन् माह्या मानसाले तरी कुठं राहावते? मले न सांगता दोन दिवस खपला, हा बाभळीकडचा कोपरा मोकळा केला, अन् धावत घरी आला — पाह्य वं कौसल्या, खाली माती जित्ती हाये! हातात ढेकूळ होतं, काळं, ओलं. अन् मी काय म्हटलं? सोमवारी साहेब येनार हाये, त्यानं हे पाह्यलं तं अर्ज गेला आपला, टाक ती रेती परत. तो म्हने, माती हाये वं ते. मी म्हटलं, कागद तुले वाचता येते का मले? — असं बोलली जी मी. मंग त्यानं... टोपलं टोपलं भरून परत टाकली. आपल्याच हातानं. मी वरून फावड्यानं सारखी केली, कोनाले दिसू नये म्हून. हे मी कोनाले सांगतलं नव्हतं — तुमालेच काहून सांगून राहिली, कोन जाने.

सोमवार आला, साहेब नाई आला. साल गेलं. नागपूरच्या हापिसात मी चकरा मारल्या — साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर, साहेबाची बदली. दर बारीनं घरी आली का तो फक्त माह्या तोंडाकडे पाहे. चिडला असता, दोन शिव्या देल्या असत्या — नाई. दुसऱ्या पावसाळ्यात बैल इकले अन् हिंगण्याले कारखान्यात लागला. पह्यले महिन्याले ये, मंग तेही नाई. बुद्धपौर्णिमेले मीच गेली. गेटवर आला, च्या पाजला, बसमध्ये बसवून देल्लं. वावराचं एका शब्दानं विचारलं नाई.

काय? मंजूर? — आता मंजूर? महिन्याभरात काम सुरू करा म्हनता, अन् अर्जदाराची सही आना? म्हंजे मी हिंगण्याले जाऊ, अन् त्याले म्हनू, चाल, आता रेती काढ, आता कागद काढ म्हनते? कोन्या तोंडानं म्हनू जी? तुमी सांगा. — नाई, तुमी काय सांगान. तुमी तं नवे.

नका, माह्यासाठी थांबू नका. तो कागद तुमच्याजवळच ठेवा. चारची बस हाये साहेब, ते गेली का मंग उद्याच. जा.