ठेला पुलाच्या मधात

नाव: सोनिया गुलाबराव गजभिये. वय: सतरा वर्षे. शिक्षण: आठवी, नववीत नाव होतं, गेली नाही. धंदा: आईसोबत तर्री-पोह्याचा ठेला. राहणार: पंचशील पारा, म्हणजे मोहल्ला, मोठ्या नाल्याच्या अलीकडं, रायपूर. वार्ड: जुना सांगता येते, नवीन माहीत नाही, म्हणून जागा मोकळी सोडली.

मी वरची सोनिया, थान्यात समोर बसून, विचारलं तसं सांगते की मले हिंदी येते, पण सायबांसमोर तोंडातून निघत नाही. हवालदार वनमाला मॅडम म्हणाल्या, मराठीत सांग, मी लिहिते, थान्याचे लिहिणारे मुंशीजी मागून हिंदी करतील. म्हणून मराठीत सांगून राहिली.

माहे वडील गुलाबराव सिलतऱ्याच्या प्लांटात वेल्डर होते. ठेला त्याईनं सोताच्या हातानं बनवला. लोखंड प्लांटातलं नाही, बाजारातून विकत घेतलेलं होतं, हे पण लिहा. ते आता नाहीत. मागच्या दिवाळीपासून ठेला मी अन् आई शारदा, आमी दोघी चालवतो. मी पोहे लावते, गिऱ्हाईकाशी आई बोलते.

ठेला आमी नाल्याच्या अलीकडं, पाण्याच्या टाकीखाली लावतो. नगर निगमचा दस्ता, म्हणजे ठेले उचलणारी गाडी आली, का सगळे ठेलेवाले पूल पार करून पलीकडं जातात. पलीकडं निगमचा दुसरा जोन, म्हणजे विभाग लागते, इकडची गाडी तिकडं येत नाही. गाडी गेली का आमी वापस येतो. हे पहिल्यापासून चालू आहे. ज्याच्या हाताले जो ठेला लागला तो त्यानं ढकलायचा, कोणाचा आहे ते पाहायचं नाही, अशी रीत आहे.

मागच्या सोमवारी सकाळी दस्ता आला तेव्हा आई नळावर प्लेटा धुवाले गेली होती अन् मी कांदे आणाले. आमचा ठेला पंक्चरवाले लहानू काका यांनी ढकलत पलीकडं नेला अन् सुशील भैयाच्या सेंट्रिंगच्या दुकानासमोर उभा केला. मग ते सोताची पंक्चरची पेटी आणाले पळत इकडं आले. त्याईची काही चूक नाही.

मी अन् आई ठेला आणाले गेलो तेव्हा त्याच्या मागच्या चाकात साखळी टाकून ती विजेच्या खांबाले बांधली होती. कुलूप सुशील भैयाचं होतं. आईनं चाबी मागितली. तो म्हणे, “दस्ता आते ही सब मेरे दुकान के सामने. मैं क्या नाले पार की धर्मशाला हूँ?” आई म्हणाली, “आमी काय हौसेनं येतो काय बाप्पा? आज चाबी दे, पुन्हा आलो तर बोल.” तो म्हणे, “इधर का इधर रहेगा, उधर का उधर. दो-चार दिन खड़ा रहने दो, सबको समझ आ जाएगा.” 

त्याच दिवशी आमी याच थान्यात आलो. तेव्हा वनमाला मॅडम नव्हत्या, दुसरे सायब होते. त्याईनं विचारलं, “माल कहाँ है?” आई म्हणाली, नाल्यापलीकडं. “तो उधर के थाने जाओ. और ये चोरी कैसे हुई? तुम्हारे ही आदमी ने पहुँचाया है.” आमी पलीकडच्या थान्यात गेलो. तिथं विचारलं, “रहती कहाँ हो?” नाल्याच्या अलीकडं. “धंधा कहाँ?” अलीकडं. “तो हमारे यहाँ क्या है?” आई म्हणाली, ठेला आहे. ते हसले. ठेल्याची रसीद मागितली. बापानं बनवलेल्या वस्तूची रसीद कोण देते, असं माह्या मनात आलं. 

मग निगमच्या जोन दफ्तरात गेलो. ते म्हणे, जब्त आमी केला असता तर सोडला असता, आमी केलाच नाही. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या घरी गेलो तर तिथल्या पोट्ट्यानं वार्ड विचारला. आईनं जुना सांगितला. तो म्हणे, ते तर रायपूर राजधानी व्हायच्या आधीचं झालं, आता तुमचा पारा अर्धा इकडं अर्धा तिकडं आहे, तुमी कोणत्या अर्ध्यात? आईनं त्याले विचारलं, “आमचं घर पाहून सांगशील काय?” तो म्हणे, “मैं नहीं बता सकता आंटी, भैया बताएँगे.” भैया म्हणजे पार्षद, ते नव्या रायपूरले गेले होते.

आमी पलीकडच्या थान्यात पुन्हा गेलो. आई विनंती करून राहिली होती अन् मी भिंतीवरचा नकाशा पाहून राहिली होती. त्याच्यात लाल रेघ नाल्यावरून जाते, ती थान्याच्या हद्दीची. निळी रेघ पुलाच्या पलीकडल्या टोकावरून जाते, ती जोनची. वार्डाची हिरवी रेघ सडकेवरून जाते. ह्या तिन्ही रेघा जिथं जवळजवळ येतात तिथं आमचा पारा आहे. पण नकाशात नाव नव्हतं, पांढरी जागा होती. सुशील भैयाचं दुकान ज्या महुआपाऱ्यात आहे त्याचं नाव होतं. मी आईले ते दाखवलं. आई म्हणाली, “चल.”

निघताना त्या थान्यातल्या सायबांनी सांगितलं, “और सुनो, ठेले को हाथ मत लगाना. ताला तोड़ा तो उल्टा तुम पर केस बनेगा.” म्हणजे आमची रिपोर्ट लिहिली नव्हती, पण आमच्यावर लिहू शकत होते. हे मले तेव्हा समजलं नाही, आता समजते.

त्याच्यानंतर मी रोज पुलाच्या इकडल्या टोकाले उभी राहून ठेला पाहत होती. पहिले वरची ताडपत्री गेली. मग शेगडी गेली. मग पुढची पाटी गेली, तिच्यावर वडिलांनी ‘गजभिये नागपुरी पोहा’ असं रंगवलं होतं. पाटी कोणाच्या काय कामाची, मले माहीत नाही. सगळं दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. एकदा मी हिंमत करून इकडच्या थान्यात एकटी आली अन् दारातल्या शिपायाले म्हटलं, ठेला थोडा थोडा जाऊन राहिला. त्यानं विचारलं, “कहाँ से?” मी म्हटलं, पलीकडून. त्यानं हातानंच पलीकडं दाखवलं.

आज सकाळी मी पाहायले गेली तेव्हा ठेल्याचं मागचं चाक कोणी काढून नेलं होतं. साखळी त्याच चाकात होती. चाक नाही, तर साखळी नुसती खांबाजवळ पडलेली, कुलूप बंद. ठेला एका कोपऱ्यावर बसलेला होता. मी घरी येऊन आईले सांगितलं. आईनं चप्पल घातली अन् म्हणाली, “ज्यानं चाक नेलं त्यानं चाबी देली.”

लहानू काकांना बोलावलं. ते म्हणे, “मी नाही येत वहिनी, मागच्या बारीनं ढकलला तर येवढं झालं.” म्हणून आमी दोघीच गेलो. आमी कुलूप तोडलं नाही. साखळी जिथं होती तिथंच आहे, कोणीही जाऊन पाहावं. चाक नसलेला कोपरा आईनं खांद्यावर घेतला अन् मी पुढून ओढत राहिली. पुलापर्यंत कोणी काही म्हटलं नाही. पुलाच्या मधात डांबराची फट आहे, तिथं पुढचे दोन चाक पार झाले अन् मागचं अडकलं. तेवढ्यात सुशील भैया मागून ओरडत आला, “चोर, चोर, पकड़ो, मेरे यहाँ का ठेला ले जा रही हैं.”

पाच-सात मिनिटांत तिकडच्या थान्याची गाडी आली. मग इकडची पण आली. ठेला गेला तेव्हापासून दोन्ही थान्याचे लोक मी पहिल्यांदा सोबत पाहिले. आमच्यावर चोरीची रिपोर्ट लिहायची म्हणून आले होते. दोन्हीकडचे सायब फटीजवळ उभे राहून हद्द पाहत होते. तिकडचे म्हणे, चाक तो आपके यहाँ हैं. इकडचे म्हणे, औरत तो आपके यहाँ है. सुशील भैया म्हणे, “साहब, किसी के यहाँ भी लिखो, पर लिखो.” हे तो बरोबर म्हणाला. आमी पण तेच म्हणत होतो.

ज्या कोपऱ्याले चाक नाही त्या बाजूनं पुलाले कठडा नाही. आईनं कोपरा सोडला तर ठेला नाल्यात जाते. मी सायबांना विचारलं, खाली विटा लावू काय. ते म्हणे, “मौके पर कुछ मत बदलो, पंचनामा होगा.” पंचनामा कोणी करायचा ते ठरलं नाही. मले जबाबासाठी इकडं आणलं. आईले आणता आलं नाही, कारण कोपरा धराले कोणी नाही.

मुंशीजी विचारून राहिले की घटनास्थळ काय लिहू, एकच लिहावं लागते. मी सांगते की ठेल्याचे पुढचे दोन चाक या थान्यात आहेत. माही आई त्या थान्यात आहे. तुमी इकडचं लिहा. चोरी माह्या नावानं लिहायची असंल तर लिहा, पण इकडं लिहा, म्हणजे ठेला इकडं येईल अन् आईले खाली बसता येईल. लहानू काका एक जुनं चाक घेऊन पुलाच्या टोकाले बसले आहेत. हुकूम झाला का लावतो म्हणतात. जे लिहायचं ते लवकर लिहा.

वरचं सगळं वनमाला मॅडमनी मले पहिले मराठीत, मग मुंशीजींनी हिंदीत वाचून दाखवलं. दोन्हीत तेच आहे. वार्डाची जागा सोडून काही सुटलं नाही. खाली सही माही आहे.

सोनिया गुलाबराव गजभिये