सिंधूकाकूंची हौजी

अरे, हौजी जिंकावी तर आमच्या घाटकोपरच्या सिंधूकाकूंनी! आम्ही सगळे चाळकरी बोटीने गोव्याला निघालो होतो. डेकवर हौजी रंगली होती, बक्षीस होतं थर्मास. मधेच काकू किंचाळल्या, "लागली, लागली!"

झालं! सगळ्यांनी हळहळत आपापली तिकिटं फाडून समुद्रात टाकली. आकडे पुकारणारा म्हणाला, "बाई, तिकीट दाखवा."

"तिकीट कसलं? ह्यांना बोट लागलीय! लिंबू आणा कुणीतरी."

काका खरंच कठड्यावर ओणवे झाले होते. पण आता शाबूत तिकीट एकट्या काकूंचंच! थर्मास त्यांनाच द्यावा लागला.

पणजीला उतरल्यावर मी काकांना विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"

काका डोळा मारून म्हणाले, "मी माहुलचा कोळी रे. मला कधी बोट लागते?"