जिवंत शेखर धनोकार यांच्या श्रद्धांजली फ्लेक्सबाबत

नाव: सौ. सत्यभामा शेखर धनोकार, वय ३९ वर्षे, धंदा: हार-फुलांचे दुकान, राहणार: जुने शहर, अकोला. मोबाइल: सध्या चार्जिंग नाही.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती शेखर, वय ४३, यांच्यासह राहते. आम्हाला मूलबाळ नाही. पती फ्लेक्स छापण्याच्या दुकानात डिझाइनचे काम करतात. त्यांना दारूचे व्यसन आहे. शिवाय गेल्या वर्षी डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर नावाचा आजार सांगितला. पतीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, मी नजरेआड झाले की कायमची गेले असे त्यांना वाटते. साबण आणायला गेले तरी गेलेच.

पतीची तब्येत फ्लेक्सवरून कळते. बरे असले की माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. गेल्या वर्षी माझा वाढदिवस चार वेळा झाला. बिनसले की 'जाहीर सूचना: सदर महिलेशी माझा कोणताही संबंध नाही' असा लागतो, तोही माझ्याच दुकानासमोर. गिऱ्हाईक वाचते आणि हार घेऊन जाते. दोन्ही प्रकारचे फ्लेक्स मी जपून ठेवते. पावसात फुलांवर झाकायला कामी येतात.

सोमवारी मी लहान बहीण आचल हिच्या डोहाळजेवणासाठी तेल्हाऱ्याला गेले. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे परतीची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली होती: बुधवार, सकाळी अकरा. ठरल्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा फोन केला. मधले त्यांचे सत्तावीस फोन उचलले नाहीत. तोही सल्ल्याचाच भाग आहे.

आज बुधवारी एसटी अकोटच्या पुढे बंद पडली. फोनही बंद पडला. दुसऱ्या गाडीने मी दीड वाजता चौकात उतरले, तेव्हा खांबावर फ्लेक्स दिसला: 'भावपूर्ण श्रद्धांजली, कै. शेखर धनोकार.' फोटो शेगावला आम्ही दोघांनी मिळून काढलेला होता. त्यातून मला कापले होते, पण पतीच्या खांद्यावरचा माझा हात राहून गेला होता. शोकाकुलमध्ये समस्त मित्रपरिवार होता, माझे नाव नव्हते. वर लटकवलेला हार माझ्या दुकानातला, सोमवारचा होता. मृत्यूची वेळ अकरा वाजून दहा मिनिटे छापली होती. ती वाचून पती जिवंत आहेत हे मला कळले. अकरानंतर दहा मिनिटे ते थांबले, ही सुधारणा आहे.

घरी शेजारच्या पार्वताबाई ओट्यावर बसलेल्या होत्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून त्या भाकरी आणि पिठले घेऊन आल्या होत्या. दार पतीनेच उघडले. सकाळपासून उपाशी असल्यामुळे त्यांनी टोपले घेतले आणि जेवायला बसले. पार्वताबाई मला म्हणाल्या, "सत्यभामे, तुह्या नवऱ्यानं सोताच्याच मौतीच्या तीन भाकरी खाल्ल्या. वरून मले म्हणते, पिठल्यात मीठ कमी हाये."

पती प्यायलेले होते, पण बोलण्याच्या स्थितीत होते. मला पाहून रडले. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "मले अमरावतीले नेऊन टाक." अमरावतीच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्यांच्यासाठी आज सायंकाळी सातपर्यंत एक खाट राखून ठेवलेली आहे. तिथे या आजाराचेही डॉक्टर येतात. दाखल होताना रुग्णाची स्वतःची सही लागते. अकरा वर्षांत पती याला प्रथमच हो म्हणाले. तेव्हा एक पन्नास झाले होते. पतीचा कोणताही होकार जास्तीत जास्त पाच तास टिकतो, असा माझा अनुभव आहे.

त्यांना आंघोळ घालून, कागदपत्रे शोधून आम्ही तीनला निघत होतो. तेवढ्यात चांदूर रेल्वेहून पतीचे चुलत भाऊ सूर्यभान जीप घेऊन आले. त्यांना फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर मिळाला होता. आम्हाला मूल नसल्याने अग्नी आपणच द्यायचा, असे धरून त्यांनी वेळ वाचावा म्हणून वाटेत मूर्तिजापूरला डोक्याचे केस आणि मिशी काढून घेतली होती. मिशी एकवीस वर्षांची होती. पतीने दारात त्यांना पाहून विचारले, "काऊन बे सूर्यभान, कोन गेलं?" त्यावरून शब्दाला शब्द लागला व सूर्यभान यांनी पतीला ठाण्यात आणले.

गुन्हा नोंदवून शेखरला आत टाका, असे सूर्यभान यांचे म्हणणे आहे. त्यांचे नुकसान झाले हे मला मान्य आहे व मी माफी मागितली आहे. मिशी भरून देणे माझ्या हातात नाही. माझी पतीविरुद्ध तक्रार नाही. त्यांना आज इथे बसवून ठेवले तर खाट जाईल आणि होकारही जाईल. आता चार वाजून पाच मिनिटे झाली आहेत. अमरावतीला दोन तास लागतात.

अशा माणसाला सोडत का नाही, असे हवालदारसाहेबांनी विचारले. हा प्रश्न तक्रारीत नाही, तरी विचारला म्हणून सांगते. तेल्हाऱ्याला नेलेल्या पिशवीत माझे आधार कार्ड, पासबुक, दहावीची मार्कशीट आणि आईच्या पाटल्या होत्या. डोहाळजेवणाला मार्कशीट लागत नाही. दोन दिवस मी ती पिशवी कोणाच्या हाती दिली नाही. आज सकाळी स्टँडवर जाऊन अकोल्याचे तिकीट काढले. का काढले ते मला सांगता येत नाही. त्यामुळे पतीला वाटलेली भीती अगदीच निराधार होती, असे मी म्हणणार नाही.

हे ऐकून सूर्यभान काही वेळ डोक्यावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "माही तक्रार मिशी आल्यावर पाहू. चाला वहिनी, गाडी अमरावतीवरूनच जाते."

जबाब मला वाचून दाखवण्यापूर्वी मी विनंती केली की, पिशवीचा भाग हळू आवाजात वाचावा. पती बाहेर बाकावर बसले असून मी आत आहे की नाही, हे आतापर्यंत चार वेळा डोकावून पाहून गेले आहेत. तो भाग हळू वाचला. मी सांगितले तसाच लिहिला आहे.

सही/-
सौ. सत्यभामा शेखर धनोकार
वेळ: दुपारी ४.१५