ओट्यावरचा कप

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. दोघीही लोकांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या. धाकटी थोरलीला मावशी म्हणत होती.

“आमच्या बाईंना ओटा मोकळा लागतो, मावशी. मिठाची बरणीसुद्धा कपाटात.”

“मग तुझा चहाचा कप?”

“सिंकखाली, पाइपामागे. काल चुकून ओट्यावर राहिला, तर म्हणाल्या, हा पसारा कुणाचा?”

“सहा वर्षं राबतेस, आणि पसारा? तू तरी दिसतेस का गं त्यांना?”

“दिसते की! मीठ जास्त पडलं की लगेच दिसते.”

“मेली! आणि घरी?”

“घरी वहिनीचा ओटा, वहिनीचं राज्य.”

“आज बघायला निघालीस त्या खोलीत आहे का ओटा?”

“आहे म्हणे, दोन हात.”

“एवढ्याशा जागेत काय रांधणार, कपाळ?”

“रांधेन कसंही. आधी चहा पिईन आणि कप तिथेच ठेवीन. न विसळता.”

“माश्या बसतील.”

“बसू देत. माझ्या कपावर बसतील.”

“आणि खोली नाही मिळाली तर?”

धाकटीने पिशवीतून कागदात गुंडाळलेला कप काढला.

“तर हा पिशवीतच राहील, मावशी. पाइपामागे परत नाही जायचा.”