नववा गादीवाफा

मंचावर बसलेले अध्यक्ष संतरामदादा, तकलीफ घेऊन लांबून आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आज हा मांडव घातला त्या आमच्या गृहपाल नीलांबरी मॅडम, पालक मंडळी आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या माझ्या पोरींनो, वसतिगृहाच्या निर्मलाबाईचा सगळ्यांना रामराम.

एकवीस वर्षं झाली मला इथं, त्यातली पंधरा भाकरी थापण्यात गेली. माईकवर बोलणं माझं काम न्हाई. पण मॅडम निवृत्त होऊन चालल्या अन् मी गप बसले, तर माझाच मला राग येईल.

सहा वर्षांमागं माझे गुडघे गेले. खाली बसलं की उठवायला दोन पोरी लागायच्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, बाईला घरी पाठवा. खोटं कशाला बोलू, त्यांचं बराबर होतं. पण घरी माझं कोण होतं? तांड्यावर दाराला कुलूप. माझी लेकरं म्हणजे ह्याच साठ पोरी.

दुसऱ्या दिवशी मॅडम टेप घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "निर्मलाबाई, सरळ उभ्या राहा बरं." पायापासून कमरेपर्यंत माझं माप घेतलं, तेही पोरींदेखत! मला वाटलं, बाई किती वाकली ते मोजून राहिल्या. दोन दिवस मी त्यांना चहा दिला, पण एक शब्द बोलले न्हाई. आठवतं ना, मॅडम?

तिसऱ्या दिवशी वसतिगृहामागच्या भाजीच्या शेडनेटमध्ये विटा आल्या. तिथले वाफे तवा भुईसपाट होते, बसूनच निंदावं लागायचं. प्रेमदास मिस्त्रीनं माझ्या कमरेएवढे आठ गादीवाफे बांधले. तळाला तुरीच्या वाळल्या तुराट्या, वर माती अन् शेणखत. मॅडमनी वर कळवलं, स्वयंपाकाला दुसरी बाई येईल, भाजीपाला निर्मलाबाई बघतील. तवापासून तुमच्या ताटातला पालक, मेथी, टमाटे मी उभ्यानं पिकवले. तुराट्या कुजून माती खाली बसली की मॅडम स्वतः घमेली वाहायच्या, मला वाकावं लागू नये म्हणून.

आता एक गंमत. मी उंच, मॅडम माझ्या खांद्याला. वाफे माझ्या मापाचे, म्हणून मॅडम सहा वर्षं टमाट्याच्या क्रेटवर चढून निंदत होत्या. मी म्हणलं, "एखादा वाफा तुमच्यासाठी ठेंगणा काहून न्हाई केला?" तर म्हणाल्या, "मला क्रेटवर मजा येते." दोनदा पडल्या, ती मजा आमी बघितली.

मॅडम, मागच्या आठवड्यात तुमी औंढ्याला गेलात, तवा आमी दाराजवळ नववा वाफा बांधला. तुमच्या मापाचा. पहिलीतली पूजा रोज तुमच्या कमरेला मिठी मारते, तवा तिची हनुवटी बराबर तुमच्या कमरेला लागते. तिला उभं केलं अन् तिच्या हनुवटीपर्यंत विटा लावल्या.

मंडळी, तुमचा वेळ घेतला, माझं वेडंवाकडं ऐकून घेतलंत, तुमचे उपकार. चुकलं असेल ते पोटात घाला. अन् मॅडम, न विचारता तुमचं माप घेतलं, त्याची माफी. पण त्या वाफ्यात मला काही लावता येत न्हाई. तेवढं वाकणं ह्या गुडघ्यांना जमत न्हाई. मेथीचं बी काढून ठेवलंय. पेरायला तुमालाच यावं लागंल.